बालगंधर्वांचे मन

एखाद्या थोर गायकाचे चरित्र सांगावयाचे म्हणजे सामान्यतः आपण त्याचा जन्म, त्याचे गुरू, त्याने गाजविलेल्या भूमिका, त्याला लाभलेले मानसन्मान आणि शेवटी त्याचा मृत्यू, अशी एक यादी सादर करतो. या यादीत त्याने काय केले ते असते. त्याने ते का केले हे मात्र बहुधा नसते. हा 'का' शोधण्याच्या इच्छेतूनच गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मानसचरित्र नावाचा एक नवा वाङ्मयप्रकार उदयास आला. चरित्रनायकाच्या कृतींवरून त्याच्या मनाची घडण ताडावयाची, आणि त्या घडणीवरून पुन्हा त्याच्या कृतींवर प्रकाश टाकावयाचा, हे त्याचे सूत्र. आज या दृष्टीने मी ज्या पुरुषाचा विचार करणार आहे त्याचे नाव नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच आपणा सर्वांचे बालगंधर्व.

हा विषय खानदेशातून मांडण्यास आधारही आहे. नारायणाचे मूळ गाव कृष्णाकाठचे नागठाणे. तथापि त्याच्या गळ्याला पहिले वळण लागले ते आपल्या जळगावात, मेहबूबखाँ यांच्या हाताखाली. त्या वेळी खानदेश हा एकच अखंड जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठाणे धुळे हे होते. पूर्व आणि पश्चिम असे त्याचे दोन भाग १९०६ साली झाले. आगगाडीच्या रस्त्यावरील एका कापसाच्या पेठेत एक ब्राह्मण मुलगा एका मुसलमान उस्तादासमोर बसून स्वर घोटीत होता, ही गोष्ट जळगावकरांनी अजून विसरू दिलेली नाही. गावातील खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचे नाव आहे, आणि त्यांच्याच नावाचा संगीत महोत्सव येथे भरत आला आहे. ज्याचे नाव आपण इतक्या प्रेमाने घेतो, त्याचे मन समजून घेण्याचा प्रयत्न करणे हेही त्या प्रेमाचेच अंग होय.

परंतु येथे प्रथमच एक सावधगिरीचा इशारा दिला पाहिजे. मानसचरित्राची वाट निसरडी आहे. या शास्त्राचे आद्याचार्य सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१० साली लिओनार्दो दा व्हिंची या चित्रकारावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. पाळण्यात असताना एक पक्षी आपल्याजवळ आला होता, अशी आठवण लिओनार्दोने लिहून ठेवली आहे. फ्रॉइडच्या हाती आलेल्या जर्मन भाषांतरात त्या पक्ष्याला गिधाड म्हटले होते. फ्रॉइडने त्या गिधाडावरून प्राचीन मिसर देशाच्या देवतेपर्यंत धाव घेतली आणि चित्रकाराच्या मातृप्रेमाविषयी एक मोठा सिद्धांत उभारला. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की मूळ इटालियन शब्दाचा अर्थ गिधाड नसून घार असा आहे. एवढ्या बुद्धिमान पुरुषाचा इमला एका शब्दावर डळमळला! संगीतकारांच्या बाबतीतही असे धाडस कमी झालेले नाही. बीथोव्हेनने आपल्या पुतण्याच्या ताब्यासाठी जो झगडा मांडला, त्यावरून स्टर्बा दांपत्याने १९५४ साली त्याच्या अंतर्मनाचे एक अत्यंत कठोर चित्र रेखाटले, आणि त्यावर रसिकांत मोठा वाद माजला. तरी बीथोव्हेनने निदान स्वतःची व्यथा कागदावर उतरविली होती. बहिरेपणाच्या दुःखाने पोळून १८०२ साली त्याने आपल्या भावांना उद्देशून एक पत्र लिहिले. ते त्याने कधीच पाठविले नाही, आणि त्याच्या मृत्यूनंतर ते कागदांत सापडले. आपल्या गायकनटाचे मन मात्र आपणांस त्याच्या आचरणातच वाचावे लागते.

मग अशा वाटेने जाणाऱ्याने कोणती काठी हाती धरावी? या प्रश्नाचे उत्तर मला धुळ्यात मिळते. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १९२६ सालच्या अखेरच्या दिवशी धुळ्यातच देह ठेवला, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे स्थापन झाले. अस्सल कागद आधी, कथा मागून. काळाचा मेळ आधी, कारणांची चर्चा मागून, हा राजवाड्यांच्या आयुष्यभराच्या खटाटोपाचा धडा आहे. तो मनाच्या इतिहासालाही तितकाच लागू पडतो. एखाद्याच्या कृतीचा हेतू सांगण्यापूर्वी ती कृती कोणत्या साली, कोणत्या वयात, कोणत्या परिस्थितीत घडली हे तपासून पाहावे, म्हणजे निम्मी भुते आपोआप पळून जातात.

तेव्हा प्रथम काळाचा मेळ पाहू. नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास लोकमान्य टिळकांनी त्यांचे गाणे ऐकले आणि कौतुकाने त्यांना 'बालगंधर्व' म्हटले, अशी हकीकत परंपरेने चालत आली आहे. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली निवर्तल्यापासून मंडळीतील नायिकेची जागा जणू सुनी पडली होती. ती या सतरा वर्षांच्या मुलाने शकुंतलेच्या रूपाने भरून काढली. गोविंद बल्लाळ देवलांनी त्याला अभिनय शिकविला, भास्करबुवा बखल्यांनी गाणे दिले. १९११ साली काकासाहेब खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आले आणि भामिनीने महाराष्ट्राला वेड लावले. १९१३ साली गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी निघाली. १९१६ साली 'स्वयंवर'मधील रुक्मिणी आणि १९१९ साली 'एकच प्याला'मधील सिंधू, ही त्या वैभवाची शिखरे. भागीदार एकेक करून दूर झाले आणि १९२१ साली मंडळीची एकहाती मालकी, मोठ्या कर्जासह, नारायणरावांकडे आली. सुमारे सात वर्षांत ते कर्ज फिटले. परंतु १९३४ साली मंडळी बंद पडली. मग दोन चित्रपट, पुन्हा रंगभूमी, पायांचे दुखणे, बिछाना, आणि १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात अंत.

या आयुष्याविषयी तीन प्रश्न नेहमी विचारले जातात. पहिला असा की पोटची मुलगी गेली त्या दिवशी हा मनुष्य रंगभूमीवर कसा उभा राहिला? दुसरा, वय उलटून गेल्यावरही स्त्रीवेषाचा मोह याला का सुटला नाही? आणि तिसरा, लाखो रुपये मिळवून हा कफल्लक कसा झाला? या तिन्ही प्रश्नांना लोकांनी तीन निरनिराळी उत्तरे देऊन ठेवली आहेत. पहिल्याला वैराग्य, दुसऱ्याला विकृती, तिसऱ्याला भोळेपणा. एकच मनुष्य एकाच वेळी संत, विकृत आणि भोळा असतो असे मानणे सोपे आहे. पण ते समाधानकारक नाही. मला असे वाटते की तिन्ही कुलुपांना एकच किल्ली लागते.

प्रथम ते नाव पाहू. दहा वर्षांच्या मुलाला राष्ट्रातील एक सर्वांत मोठा पुरुष गंधर्व म्हणतो, आणि त्या दिवसापासून घरात, गावात, मंडळीत, सारे जग त्याला त्याच नावाने हाक मारू लागते. आपण सारे आधी कोणीतरी असतो आणि मागाहून लोक आपल्याला ओळखू लागतात. या मुलाच्या बाबतीत क्रम उलटा झाला. लोकांनी त्याला आधी ओळखले, आणि लोकांनी ओळखलेला तो कोण आहे हे त्याला मागाहून व्हावे लागले. जन्माचे नाव पुसट झाले आणि ऐकणाऱ्याने दिलेले नाव खरे ठरले. त्यातही त्या नावात 'बाल' हा शब्द होता. गंधर्वाचे वय वाढते; परंतु बालगंधर्वाने वाढावे कसे?

या ठिकाणी अल्फ्रेड ॲडलरच्या मताचा मोह होतो. एखाद्या अवयवाच्या उणेपणाची भरपाई करण्यासाठी मन दुप्पट नेटाने झटते, असे त्या मानसशास्त्रज्ञाचे म्हणणे. नारायणरावांना तरुणपणी कानाचे दुखणे होते, आणि शाहू महाराजांच्या साह्याने मिरजेच्या मिशन रुग्णालयात त्यावर उपचार झाले. कानाचा उणेपणा आणि स्वराचे वेड! सिद्धांत किती छान जुळतो! परंतु दुखण्याच्या पुष्कळ आधी जळगावात तालीम सुरू झाली होती आणि टिळकांचे कौतुकही होऊन गेले होते. काळाचा मेळ बसत नाही. म्हणून हे गिधाड आपण सोडून देऊ.

आता १२ मार्च १९११ या दिवसाकडे वळू. मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग, आणि त्याच दिवशी नारायणरावांची कन्या निवर्तली. प्रयोग पुढे ढकलता आला असता असे सांगतात. नारायणराव मात्र उभे राहिले आणि भामिनी रंगली. या प्रसंगाला आपण कर्तव्यनिष्ठेचा कळस म्हणून शालेय पुस्तकांत शोभेल असे रूप दिले आहे. परंतु त्या वेळी त्यांचे वय २२ होते. ते मंडळीचे मालक नव्हते, नट होते. मंडळीची सारी उमेद त्या नाटकावर होती, आणि प्रेक्षागृह भरलेले होते. अशा तरुण बापाला दुःख नव्हते असे कोण म्हणेल? मला वाटते, दुःखात मनुष्य जेथे आधार मिळेल तेथे जातो. कोणी देवघरात जातो, कोणी आईच्या कुशीत शिरतो. या तरुणाचा आधार रंगभूमीच्या पडद्यापलीकडे बसला होता. तो शोक दूर सारून रंगभूमीवर गेला असे मानण्यापेक्षा, तो शोक घेऊनच तेथे गेला असे मानणे मला अधिक मानवी वाटते. यात त्याचा मोठेपणा तिळमात्र कमी होत नाही. फक्त तो दगडाचा न राहता माणसाचा होतो.

प्रेक्षकांविषयीचा त्यांचा भाव तर प्रसिद्धच आहे. प्रेक्षकांना ते 'अन्नदाते मायबाप' म्हणत आणि भेटेल त्या मनुष्याला 'देवा' अशी हाक मारीत. हे शब्द पुष्कळ नटांच्या तोंडी असत. परंतु इतरांचा तो उपचार होता, यांचा तो अनुभव होता. 'वन्स मोअर'ची आरोळी उठली की दमलेला नट मनातून चरफडतो. नारायणराव मात्र तेच पद पुन्हा घेत, आणि प्रत्येक वेळी त्यात नवी जागा काढीत. नाटके रात्ररात्र चालत, पहाट होई, आणि तरी कोणी उठत नसे. ज्या नावाने ऐकणाऱ्यांनी त्यांना घडविले, त्या ऐकणाऱ्यांना 'नाही' म्हणणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने स्वतःलाच 'नाही' म्हणणे होते.

हे ध्यानात घेतले म्हणजे खर्चाचे कोडे सुटू लागते. भरजरी शालू, अस्सल दागिने, प्रेक्षागृहात दरवळणारे अत्तर, अहमदजान थिरकवाँसारखा तबलजी आणि कादरबक्षांसारखा सारंगिया साथीला. १९२० सालच्या 'द्रौपदी'मध्ये तर मयसभेच्या देखाव्यावर मंडळीने पाण्यासारखा पैसा ओतला. हिशेबनीस याला उधळेपणा म्हणेल, आणि हिशेबाच्या वहीपुरते ते खरेही आहे. परंतु उधळ्या मनुष्य स्वतःच्या चैनीसाठी पैसा उडवितो. येथे जवळजवळ सारा पैसा पडद्याच्या पुढच्या बाजूस, प्रेक्षकांच्या डोळ्यांकडे, कानांकडे आणि नाकाकडे जात होता. मायबापांना खोटा दागिना कसा दाखवावा, असा हा विचार आहे. आणि तो निव्वळ भोळेपणा असता तर कर्ज बुडविले गेले असते. ते फिटले, सात वर्षे गाऊन फिटले. १९२१ साली, मंडळी कर्जात असतानाच, टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांसह ८ जुलै रोजी संयुक्त 'मानापमान' झाले. ज्या लोकमान्यांनी नाव दिले त्यांच्या स्मृतीच्या फंडाला या कर्जदाराने आपले गाणे दिले. घेणे आणि देणे यांचा असा हिशेब व्यापाऱ्याच्या खतावणीत बसत नाही. पण त्याला हिशेब नाही असे म्हणता येणार नाही.

त्या संयुक्त प्रयोगावरून दुसरा प्रश्नही उलगडतो. स्त्रीवेषाने बालगंधर्वांचे मनच बदलून टाकले, असे काही लोक मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. परंतु त्या काळी स्त्रीभूमिका हा पुरुषनटांचा रीतसर व्यवसाय होता. केशवराव भोसल्यांनी बालपणी शारदा केली, पुढेही स्त्रीभूमिका केल्या, आणि तेच १९२१ साली धैर्यधर होऊन उभे राहिले. दीनानाथ मंगेशकरांनीही दोन्ही प्रकारच्या भूमिका केल्या. लुगड्याने मन बदलत असते तर ते याही दोघांचे बदलावयास हवे होते. मग फरक कोठे? फरक प्रेक्षकांत आहे. नारायणरावांच्या भामिनीला, रुक्मिणीला आणि सिंधूला जी भक्ती मिळाली तशी दुसऱ्या कोणाच्याही नायिकेला मिळाली नाही. कुलीन घरांतील स्त्रिया त्यांच्यासारखे पातळ नेसू लागल्या, त्यांच्यासारखी वेणी घालू लागल्या. ज्या रूपात मायबापांनी त्यांना उचलून घेतले ते रूप त्यांना सोडवेना. तेव्हा वेष हे मूळ कारण नव्हे. ते त्या मायबापांपर्यंत नेणारे दार होते.

यावर कोणी म्हणेल, हे सारे तर्क झाले, याला कसोटी काय? सुदैवाने आयुष्यानेच एक कसोटी घेऊन ठेवली आहे. १९३१ साली हिंदुस्थानात बोलपट आला, १९३२ साली तो मराठीत आला. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रीभूमिका स्त्रियांनी करून दाखविली. आणि १९३४ साली गंधर्व मंडळीला टाळे लागले. तेव्हा नारायणरावांनी प्रभात कंपनीशी करार केला. व्ही. शांताराम यांच्या १९३५ सालच्या 'धर्मात्मा'त त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. पुरुषवेष होता, साधुपुरुषाचे कथानक होते, उत्तम दिग्दर्शक होता. तरी त्यांचे मन तेथे रमले नाही, आणि सहा चित्रपटांचा संकल्प एकावरच थांबला. स्त्रीवेष नाही म्हणून ते अवघडले, असे म्हणणारे येथे थांबतात. पण आपण पुढचे पान उलटू. १९३७ साली बाबूराव पेंटर यांच्या 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीवेषात उभे राहिले. वेष परत मिळाला, गाणी होती, परिचित नाटकच जणू पडद्यावर आले होते. आणि तरीही ते जमले नाही. दोन्ही वेळी एकच गोष्ट नव्हती: समोर अंधारात बसलेली, श्वास रोखून ऐकणारी माणसे. यंत्राच्या डोळ्याला कोणी मायबाप कसे म्हणावे? वय पन्नाशीकडे झुकले होते आणि कॅमेरा वयाला क्षमा करीत नाही, हे कारणही मोजले पाहिजे. परंतु रंगभूमीवर परतल्यावर त्याच वयाच्या त्याच देहाला लोक रात्ररात्र ऐकत होते, हे विसरता येणार नाही.

एक शंका उरते, आणि ती खरोखर मोलाची आहे. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांचे काय? तेथेही प्रेक्षक नव्हते. तीन-साडेतीन मिनिटांत गाणे आटपावे लागे. आणि तरी त्या तबकड्या आजही ऐकणाऱ्याला थक्क करतात. या शंकेने माझा सिद्धांत मोडत नाही, पण त्याला मर्यादा पडते, आणि ती मर्यादाच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या तबकड्या लक्ष देऊन ऐका. तेथे तयारीचे प्रदर्शन नाही, तानांचा धाक नाही. शब्द आणि स्वर एकमेकांत असे मिसळतात की कोठे एक संपला आणि कोठे दुसरा सुरू झाला ते कळत नाही. लय तर पाण्यावर तरंगणाऱ्या पानासारखी सहज जाते. गाणारा 'मी' तेथे जवळजवळ नाहीच. स्वरापाशी या मनुष्याला कोणाच्याही कौतुकाची गरज नव्हती. मेहबूबखाँनी लावलेले आणि भास्करबुवांनी वाढविलेले ते झाड स्वतःच्या मुळांवर उभे होते. गरज होती ती स्वर थांबल्यावर. गाणे संपल्यानंतर आपण कोण, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांना समोरच्या माणसांकडून घ्यावे लागे. थोडक्यात, सूर त्यांचा स्वतःचा होता. 'मी' मात्र त्यांनी श्रोत्यांच्या स्वाधीन केला होता. गाण्यात अहंकार नाही याचे आपण कौतुक करतो, आणि व्यवहारात स्वतःपुरते पाहता आले नाही म्हणून हळहळतो. या दोन गोष्टी दोन नव्हेत. एकाच नाण्याची एक बाजू आपण उचलून घेतली आणि दुसरीची किंमत त्यांनी मोजली.

येथे एका व्यक्तीला न्याय दिला पाहिजे. १९३७ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या सहवासात आल्या, रंगभूमीवर त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या, आणि पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. बालगंधर्वांच्या दैन्याचे सारे खापर अनेक रसिकांनी या बाईंच्या माथी फोडले. त्या परधर्मीय होत्या, गाणाऱ्या घराण्यातल्या होत्या. दोष देण्यास एवढे पुरेसे झाले. आता राजवाड्यांची काठी पुन्हा हाती घ्या. कर्जाचा डोंगर १९२१ चा. मंडळी बंद पडली १९३४ साली. बोलपट आला तो त्याच्याही आधी. या बाई आल्या १९३७ मध्ये. पुराच्या पाण्याने घर खचल्यावर जो मनुष्य आत राहावयास आला, त्याने पूर आणला असे म्हणता येईल काय? कुटुंबातील माणसांना या संबंधाने दुःख झाले असणार, आणि ते दुःख खरे आहे. परंतु आर्थिक नाशाचा आरोप तारखांच्या पुढे टिकत नाही. उलट, नाट्यगृहे रिकामी झाली, पायांतले बळ गेले, तेव्हा मायबापांच्या गर्दीतले जे एक माणूस शेवटपर्यंत समोर बसून राहिले ते हेच. १९६४ साली त्या गेल्या. त्यानंतर तीन वर्षांनी हेही गेले.

उतारवयात पाय निकामी झाल्यावर बालगंधर्व पुरुषाच्या साध्या पोषाखात बसून भजने गात. वेष गेला, वैभव गेले, मंडळी गेली. ऐकणारे थोडे उरले, पण उरले, आणि गाणे चालू राहिले. कसोटीचा हा शेवटचा दाखला. १९५५ साली संगीत नाटक अकादमीने, १९६४ साली पद्मभूषण देऊन सरकारने त्यांचा गौरव केला. १९६२ साली पुण्यात त्यांच्या नावाच्या रंगमंदिराची कोनशिला त्यांच्याच हस्ते बसविण्यात आली. ते मंदिर २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, उघडले. तोपर्यंत ते राहिले नव्हते. मायबापांनी गंधर्वासाठी भव्य घर बांधले. परंतु नारायणराव राजहंसांची उतारवयातील ददात त्याने मिटली नाही. या वाक्यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. आपण नाव ज्याला दिले त्याच्यावर प्रेम केले. त्या नावाखाली जो मनुष्य होता त्याची चौकशी करावयाची राहून गेली.

या साऱ्या विवेचनाचा आपणा गृहस्थांना उपयोग काय, असे कोणी विचारील. मी आयुष्यभर मुलांमध्ये वावरलो आहे, म्हणून एवढेच सांगतो. आज घरोघरी गाणारी मुले आहेत. स्पर्धा आहेत, दूरचित्रवाणी आहे, आठव्या-नवव्या वर्षी पदव्या बहाल करणारे परीक्षक आहेत. मूल गायले की आपण त्याला लगेच कोणाचे तरी नाव देतो. कोणाची लता होते, कोणाचा भीमसेन. कौतुक अवश्य करावे. कौतुकावाचून कला फुलत नाही. परंतु ते गाण्याचे करावे, मुलाच्या अस्तित्वावर त्याची मोहर उमटवू नये. ज्या दिवशी त्याचा आवाज लागणार नाही, त्या दिवशीही ते घरात तितकेच हवेसे आहे, हे त्याला कळले पाहिजे. टाळ्या वाजविणारे हजार हात एखाद्याला गंधर्व करू शकतात. पण टाळ्या थांबल्यावर त्याला त्याच्या जन्माच्या नावाने हाक मारणारे दोन तरी आवाज घरात असावे लागतात.

मानसचरित्राने थोर पुरुषाला लहान करावे असा त्याचा हेतू नसतो, निदान नसावा. बालगंधर्वांच्या मनाचा हा शोध घेतल्यावर ते मला पूर्वीपेक्षा लहान वाटत नाहीत; जवळचे वाटतात. त्यांची एखादी तबकडी पुन्हा लावून पाहा. पद आपल्या परिचयाचे असेल, स्वरही असतील. या वेळी मात्र शेवटचा स्वर संपल्यावर क्षणभर तसेच बसून राहा. त्या शांततेत एक मनुष्य आपल्या उत्तराची वाट पाहत उभा होता, एवढे आपल्या ध्यानात आले तरी या भाषणाचे सार्थक झाले असे मी समजेन.